चीफसाहेबांचा कोल्हेमुखी देव

सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमधले चीफसाहेब म्हणजे चुकून कलियुगात जन्मलेले इजिप्शियन, अशी माझी पक्की समजूत आहे. चीफ इंजिनिअर होते, सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. पण सुएझच्या फेऱ्यांत कधीतरी त्यांनी तिथली देवळं पाहिली आणि भिंतींवरचे कोरीव देव त्यांच्या मानगुटीवर बसले ते कायमचे. समोरून फोटो काढून घ्यायला ते तयारच नसत. "समोरून तोंड पासपोर्टाला," म्हणत आणि चेहरा एका बाजूला, छाती समोर, पावलं पुन्हा बाजूला, असे उभे राहत. हॉकर सेंटरात खाण्याच्या गाड्यांपुढे लागलेल्या रांगेतली नाकं न्याहाळून यातला ससाणामुखी देव कोण शोभेल, ते माझ्या कानात सांगत. निवृत्तीनंतर तर कुणाच्या तरी रिनोव्हेशनमधून उरलेल्या मऊ दगडाच्या लाद्या आणून स्वतःच कोरायला बसले. शेजारची चिनी आंटी धुळीची तक्रार घेऊन आली, तर तिलाच दारात उभं करून तिच्या नाकाचं चित्र काढलं. "देवाला दगडाबाहेर ओढायचं नाही, आतच राहू द्यायचं," हे त्यांचं तत्त्व; म्हणून आकृती उठावाची नाही, दगडात आत खोदलेली.

एका वर्षी आम्ही गणपतीची आरास त्यांच्यावर सोपवली. "गजमुखाचे भाऊबंदच हे," म्हणत त्यांनी मूर्तीमागे आपल्या देवांच्या लाद्यांची रांग उभी केली. दिसत होती सुरेख. आरती झाली आणि साहेब रंगात येऊन एकेकाची ओळख करून देऊ लागले. "आणि हा कोल्हेमुखी अनुबिस. माणूस मेला की हा त्याला हाताला धरून पुढं नेतो. बघा, हात कसा धरलाय."

पुढेच सुनंदाताई बसल्या होत्या. त्यांचे यजमान, एके काळी चीफसाहेबांच्याच हाताखालचे इंजिनिअर, त्याच वर्षी गेले होते आणि ताई त्यानंतर पहिल्यांदाच चारचौघांत आल्या होत्या. आम्ही हातातल्या मोदकांकडे बघत राहिलो. साहेबांची नजर ताईंवर गेली आणि ते कानापर्यंत लाल झाले. त्यांनी ती लादी उतरवली, पंच्यात गुंडाळली आणि छातीशी धरून घरी गेले.

पुढे कितीतरी दिवस ते कुणाला भेटले नाहीत. फोनवर मला एवढंच म्हणाले, "समोर माणसं बसलीत हे मी बघितलंच नाही रे. नुसता दगड बघत होतो."

शेवटी सुनंदाताईच मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. साहेब दारातच मान खाली घालून उभे राहिले. "वहिनी, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते."

"ती लादी बघायचीय मला," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी नीट बघता आली नाही."

साहेबांनी ती कपाटामागून काढली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली. ताईंनी देवाच्या मुठीवरून हलकेच बोट फिरवलं. यजमान गेले होते ते भर समुद्रात, जहाजाच्या केबिनमध्ये, एकटेच.

"घट्ट धरलाय ना?" ताईंनी विचारलं.

"हो वहिनी. सुटायचा नाही."

लादी ताई घेऊन गेल्या. साहेबांची शरम मात्र तिच्याबरोबर गेली नाही. हल्ली ते देवांचा विषयच काढत नाहीत. मी कधी कधी मुद्दाम एखाद्या देवाचं नाव चुकीचं घेतो आणि वाट बघतो. ते ऐकतात, चहा ओततात; पण दुरुस्त करत नाहीत.