वरच्या आळीची अठरा घरं

मंगळवारी सकाळी टोकियोत, निशी-कसाईतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणाला द्यावं असं काहीच नव्हतं... आणि शेजारच्या ओनो-सानचा डबा तर परत करायचा होता. शेवटी आई करायची तेच केलं. डब्यात चिमूटभर साखर घातली आणि त्यांची बेल वाजवली.

ओनो-सान सत्तरीच्या. समुद्राकाठचं त्यांचं इवलंसं गाव त्सुनामीत वाहून गेलं, तेव्हापासून तीन वर्षं त्या लेकीकडे राहतात. वाचलेली मंडळी आता गावाच्या आठवणींची पुस्तिका काढताहेत. वरच्या आळीत कुणाचं घर कुठे होतं, हे सांगू शकणाऱ्या एकट्या ओनो-सान उरल्यात... पण लेकीनं कितीही विनवलं तरी "आठवत नाही" एवढंच म्हणायच्या. पुस्तिका छापायला जायची वेळ आली, तशी लेक रडकुंडीला आली होती.

डबा उघडून ओनो-सान साखरेकडे बघतच राहिल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं! मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं, "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीच नसलं तर साखर."

"आमच्याकडे काडेपेटी," त्या हळूच म्हणाल्या.

मग डब्याचं झाकण लावता लावता, "पहिलं घर होड्या दुरुस्त करणाऱ्याचं. त्याच्या बायकोची काडेपेटी कायम सर्दावलेली..." आणि चक्क हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांच्या बोलण्यातून डबा निघाला की हो आळीभर... या घरून सुकवलेले मासे, त्या घरून मुळ्याचं लोणचं, एका दारात भुंकणारं म्हातारं कुत्रं. खिडकीबाहेरून तोझाई लाइनच्या गाड्या जात होत्या, पण मी कुठली निशी-कसाईत! मी ओनो-सानच्या मागोमाग चढ चढत होते, डाव्या हाताला शांत समुद्र... लेक दारातच उभी राहून भराभर लिहून घेत होती. मधूनच डोळे पुसत होती.

अशी अठरा घरं झाली. काल ओनो-साननी स्वतः काढलेला नकाशा मला आणून दिला, त्यात एकोणीस होती; एकोणिसावं त्यांच्या घराच्या वरच्या अंगाला.

"आई, आपल्या घराच्या वर तर नुसतं गवत होतं म्हणाली होतीस," सोबत आलेली लेक म्हणाली.

"होतं ना. वरच्या अंगाला शेजार नव्हता कधी." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आता ही राहते तिथे."

छापायच्या नकाशात अठराच घरं आहेत. एकोणीस घरांचा माझ्या फ्रिजवर लावलाय... ज्या गावाला मी कधी गेले नाही, आता जाताही येणार नाही, तिथे माझं घर आहे.