परदेशी पार्सलातला स्वेटर

डांबरगोळ्यांचा वास आला, की मी थेट कासारवाडीत मार्थाच्या दारात जाऊन उभी राहते. मार्था माझी चुलतबहीण. काका ख्रिस्ती झाले होते, आम्ही नाही. मिशनच्या पार्सलातून तिला डांबरगोळ्यांच्या वासाचा लाल परदेशी स्वेटर मिळाला होता. तो बघून माझा नुसता जळफळाट झाला.

"मजा हाय बाई तुमची!" मी फणकारले.

ती म्हणाली, "जात एकच आपली. पण सरकारनं हायस्कूलची फी तुला माफ केली, मला न्हाई. ख्रिस्ती झालात, आता सवलत न्हाई, म्हणत्यात. उद्यापासनं माजी शाळा बंद."

माझी नजर बटणांवरच होती. तिनं स्वेटर काढून पुढं धरला. "घे. तुजी शाळा मला दे."

आज शिक्षिकेची पेन्शन खाताना सांगते, त्या वयात तो सौदा मला फायद्याचा वाटला होता.