अनसाक्काची आरोळी

आळंदहून उमरग्याच्या वाटंला लागलं की डाव्या हाताला आमचं रान. त्याच्या बांधाला बांध लागून अनसाक्काचं. मी जगदेवी. बोलायला लागले की थांबत न्हाई असं आमचे मालक म्हणतात, म्हणू देत. अक्काचं मी न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं?

अक्का हसायला लागली की आमच्या रानात ऐकू यायचं. बाईमाणसानं एवढं मोठ्यानं हसावं का म्हणून नाकं मुरडणाऱ्या गावात कमी न्हवत्या. तिला फिकीर न्हवती. हसवणारा माणूस घरातच होता ना! मायाप्पाअण्णा, तिचा नवरा. मेंढरामागं जलम काढलेला गडी. कानात बोलला तरी गल्लीला कळायचं, असला आवाज.

येळवस तर अण्णाचीच. तुमच्याकडं येळवस असती का न्हाई, मला ठाव न्हाई. आमच्याकडं मार्गशीर्षाच्या अवसंला गाव रिकामं पडतंय आन् रान भरतंय. कडब्याची खोप करायची, तिच्यात दगडाचे पाच पांडव मांडून पुजायचे, आन् मग शेंगा-पाल्याची मिसळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, पोटाला तडस लागस्तोवर खायचं. पण पंगतीच्या आधी घरच्या कर्त्या माणसानं आंबिलीचं मडकं काखंत मारून पिकाला फेरी घालायची. लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडायची आन् "ओलगे ओलगे" म्हणून आरोळी ठोकायची. अण्णा सुरुवात बरोबर करायचा. निम्मा बांध चालला की सवय आडवी यायची आन् तोंडातनं निघायचं, "हुर्रऽऽ या गं या, ट्र्र्रऽऽ!" मेंढरं बोलवायची हाक! की लगेच त्याची सगळी मेंढरं पीक तुडवत त्याच्यामागं. दरसाली हेच. अक्का बांधावर पोट धरून बसायची. "देवाला हाक मार म्हणलं तर मेंढरं बोलवायलाय ह्यो बाबा!"

गेल्याच्या गेल्या आखाडात अण्णा गेला. चहाची कपबशी खाली ठेवली, भिंतीला टेकला, झालं. दवाखान्यात न्यायला बी वेळ दिला न्हाई.

पावण्यारावळ्यातल्या बाया आल्या, गळ्यात पडून रडल्या. आमच्याकडं नुसतं रडत न्हाईत, गेलेल्या माणसाचे गुण आळवून आळवून रडतात. अक्का रडलीच न्हाई. भिंतीकडं बघत बसली. "नवरा गेला तरी डोळ्याला टिपूस न्हाई, दगडाची हाय बाई," असं एक जण दारातच बोलली. मला असा राग आला! मी म्हणलं, "तुझा नवरा जिता असून तू रोज रडतीस. तिचं तिला बघू दे."

पण खरं सांगते, भ्याले मी. रडली न्हाई ते एक, हसणं बी गेलं. चतकोर भाकर पाण्यात बुडवून खायची, ती बी कुणी समोर बसलं तर. काही विचारलं तर "व्हय", न्हाईतर "न्हाई". दिवाळीपस्तोर अशी वाळली की नुसतं लुगडंच चालायलंय असं वाटायचं.

पोरगा सिद्धराम कलबुर्गीला डाळमिलमध्ये कामाला. अण्णाची मेंढरं त्यानं आम्हाला दिली आन् म्हणला, "काकू, येळवस झाली की मायला घेऊन जातो. रान बटईनं देतो. इथं एकटी राहिली तर ती बी जायची." त्याचं काय चुकलं? पण पत्र्याच्या खोलीत, डाळीच्या धुरळ्यात अक्का एक उन्हाळा बी काढणार न्हाई, हे मला दिसत होतं. तिला म्हणलं, "जातीस व्हय गं अक्का?" तर म्हणली, "कुठं बी ठेवा."

येळवसच्या आदल्या दिवशी जाऊन बघते तर चूल थंड. "दुखवट्याचं साल हाय. सण न्हाई," म्हणली. माझं डोस्कंच फिरलं. "सण नको करू. गोडधोड नको करू. पण रानानं काय पाप केलंय? अण्णानं पेरलेली तूर हाय ती. शेंगा भरायल्यात तिच्या. तिला उपाशी ठेवतीस व्हय?" अक्का उठली आन् आंबिलीचं पीठ कालवायला बसली. कामून उठली ठाव न्हाई, माझ्या तोंडाला भिऊन असंल.

दुसऱ्या दिवशी खोपीत पूजा झाली. आमचे मालक मेंढरं घेऊन पलीकडच्या पडीक रानात होते. मेंढरं आता आमची, पण मालकाला भीक घालत न्हवती. हे हाका मारून घसा बसवायचे आन् ती दुसरीकडंच बघायची.

मडकं सिद्धरामानं घेतलं. तुरीच्या कडंला गेला, डहाळी बुडवली, तोंड उघडलं. आवाजच निघंना. पुन्हा उघडलं तर हुंदकाच फुटला. एवढा बाप्या गडी, मडकं छातीशी धरून लेकरागत रडायला लागला. आम्ही सगळे खाली बघायलो.

अक्का उठली. त्याच्या हातातनं मडकं घेतलं. बाईनं आरोळी द्यायची आमच्याकडं रीत न्हाई, पण अडवायची टाप कुणाची होती? पदर खोचला आन् निघाली. "ओलगे ओलगे." आधी पुटपुटल्यागत, मग जरा मोठ्यानं. निम्मा बांध चालली आन् काय सांगू तुम्हाला! जलमभर आरोळी ऐकली ती एकाच तोंडातनं, दुसरी यावी तरी कुठनं? "हुर्रऽऽ या गं या, ट्र्र्रऽऽ!"

पलीकडं मेंढरांनी माना वर केल्या. मालक "हां हां" करस्तोवर सगळा कळप बांधावरनं उड्या टाकत आमच्याकडं. एक खोपीत घुसलं, खोप आडवी. दुसऱ्यानं भज्जीच्या पातेल्यात तोंड घातलं. अण्णाचा लाडका पांढऱ्या कानाचा एडका अक्काला येऊन धडकला आन् अर्धी आंबील तिच्याच अंगावर.

अक्का बघतच राहिली. मग तिचं अंग गदगदा हलायला लागलं. मला वाटलं, आता पडती. आन् ती हसली! तेच जुनं हसणं, रानभर ऐकू येणारं.

"मेल्यावर बी तुमची मेंढरं माझ्याच भज्जीवर व्हय ओ!" म्हणली आन् हसता हसता खालीच बसली. एडक्याच्या गळ्यात हात टाकला आन् मग रडली. अगं बाई, काय रडली! अण्णाचे गुण आळवले, अवगुण बी आळवले, घोरण्यापासनं तंबाखूपस्तोर. गुण ऐकून आम्ही रडायलो आन् अवगुण ऐकून हसायलो. मी तिला उगी राहा म्हणलं न्हाई. कशाला म्हणू?

मग तिनं नाक पुसलं. वाचलेली भज्जी ताटात घेतली, दोन उंडे संपवले आन् तिसरा मागितला. सिद्धराम भीत भीत म्हणला, "माय, परवा निघायचं ना?"

"तू नीघ. तुला आरोळी येत न्हाई, रान कुणाच्या जिवावर सोडू?"

त्याला साल झालं. अक्का बरी हाय. कधी कधी दिवस मावळताना गप बसती, मग मी बी शेजारी गप बसते. मला ते किती जड जातंय, माझं मला ठाव. औंदाची येळवस आली तसं आमचे मालक म्हणले, "यंदा मेंढरं घरीच बांधून ठेवतो. नासधूस नको."

अक्का बांधावरनं ओरडली, "खबरदार! एक बी बांधायचं न्हाई. त्यांच्या वाटणीची बी भज्जी शिजत टाकलीय मी."