मेणातला दादा

"शोभाताई, तुमच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्यात. चरबीनं नाही, प्रथिनानं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, अमायलॉइडोसिस.

नाव मला नवीन नव्हतं. काही वर्षांपूर्वी ह्याच हॉस्पिटलात माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, कागदावर तेच होतं. नाव कळल्यावर तो महिनाभरही राहिला नाही. बाई समजावत होत्या आणि मी दारावरच्या पडद्याकडे बघत होते. तोच निळा पडदा अजून होता.

माझी सुरुवात सुईपासून झाली. कट्टा गावच्या बाजारात मी ब्लाउज शिवते. एक दिवस गिऱ्हाईक म्हणालं, शोभा, कापडाला रक्त लागलंय. बघते तर सुई बोटात शिरलेली आणि मला पत्ता नाही. मग तळपायांना मुंग्या आल्या, मग जिना चढताना धाप लागायला लागली. वय झालं, मशीनवर बसून बसून होतं, लोकांनी फुकटचं निदान भरपूर केलं. पण मला दादाचे हात आठवत होते. चहाचा कप तो शेवटी दोन्ही हातांनी धरायचा आणि आम्ही त्याला हसायचो. आता मीही तसाच धरत होते. दादा मेल्यावर माझ्या अंगात आला, असं मी ह्यांना म्हटलं. ते हसले नाहीत.

ज्यांच्या घरात हे नाव येईल त्यांच्यासाठी मला समजलं तेवढं सांगते. प्रथिनं शरीरात ठरलेल्या घडीनं राहतात. घडी चुकली की ती एकमेकांना चिकटतात आणि हृदयात, नसांत थर बसतो. हा आजार एक नाही. कोणत्या प्रथिनाची घडी चुकली त्यावर औषध ठरतं. हाडांच्या मज्जेतल्या पेशींचं प्रथिन असेल तर केमो. यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन असेल तर केमोचा काही उपयोग नाही, त्याला वेगळी गोळी. केमो माझ्या हृदयाला झेपेल का, तीच मोठी शंका होती. त्यात माझ्या रक्तात मज्जेतलं प्रथिनही किंचित वाढलेलं. म्हणजे दोन्ही चोर दारात उभे, आणि घरात कोण शिरला ते ठाऊक नाही.

पोटाच्या चरबीचा तुकडा काढला. त्यात थर दिसला, पण प्रथिन ओळखणाऱ्या मशीनला पुरेल एवढा नव्हता. उरला मार्ग हृदयातून तुकडा काढायचा. मला भीती वाटली, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

तेव्हा बाईंनी विचारलं, "भावाची बायोप्सी इथंच झाली होती ना? मग त्यांचा ब्लॉक असेल. आजार घराण्यातला असेल तर त्यावरून तुमचाही कळेल."

ब्लॉक म्हणजे काय ते मला कळेना. त्या म्हणाल्या, "काढलेला तुकडा आम्ही मेणात बसवून ठेवतो. तुमच्या भावाच्या हृदयाचा एक कण अजून आमच्या कपाटात आहे."

हॉस्पिटलातून परतताना बांदा गाव येईपर्यंत मी ह्यांना एकच विचारत होते, हे वहिनीला कसं सांगायचं.

कारण आमच्या घरात एक गोष्ट कुणी उच्चारत नसे. दादाच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. माझं माहेर धामापूरचं. तिथं व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी सगळे उन्हात उभे होतो. वहिनीनं शब्द दिला, लेकीला, तनूला, शिकवीन. काकांनी शब्द दिला, आंब्याची कलमं तोडणार नाही. मी म्हटलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे समोरच्या फणसावर बसून राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. त्या दिवसापासून वहिनी एकच प्रश्न घेऊन जगत होती, की काय राहिलं असेल.

आणि आता ब्लॉक तपासायला परवानगीची सही तिचीच लागणार होती.

मी सांगितलं तेव्हा वहिनी ओसरीवर कोकमाची सोलं वाळत घालत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. "शोभा गो, तेंका अग्नी दिलो, हाडां सोडली. आणि आता तू म्हणतंस, ते थंय कपाटात आसत?"

"कणभर, वहिनी."

"म्हणान कावळो शिवाक नाय." ती खाली बसली. "तेंका परत कापूक मी देवचंय नाय. माका ता परत आणून दे. मी सोडतंय."

मी वाद घातला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आणि खरं सांगायचं तर हे ऐकल्यापासून माझ्याही मनातून तो कण जात नव्हता. पाऊस लागला की वाटायचं, तिथं ओल तर नसेल ना.

तनूनं चहा आणला. मी कप उचलला, दोन्ही हातांनी. वहिनी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं तनूच्या हातांकडे बघितलं.

"ते पण असोच धरीत," ती म्हणाली. आणि सोलं बाजूला सारून, "सही खंय करूची?"

ब्लॉक मोठ्या शहरातल्या लॅबला गेला. ह्या तपासणीला प्रोटीओम अ‍ॅनालिसिस म्हणतात. प्रोटीओम म्हणजे त्या जागेतली झाडून सगळी प्रथिनं. मेणाच्या वडीचा पातळ काप घेतात, थर असलेला ठिपका तेवढा लेझरनं कापून काढतात, त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि मशीन प्रत्येक तुकड्याचं वजन घेतं. वजनांवरून प्रथिन ओळखतात. माझ्या दुकानात खाली पडलेल्या चिंध्यांवरून मी कुणाचा ब्लाउज ते सांगते, तसंच हे.

रिपोर्ट येईपर्यंत मला दुकानात बसवेना. कुणी मागून "शोभा" म्हटलं की आवाज दादाचा वाटे.

मग बाईंनी बोलावलं. "ट्रान्सथायरेटिन आहे. आणि एक तुकडा नेहमीच्या वजनाचा नाही. म्हणजे हा बदल जन्मापासूनचा, घराण्यातून आलेला." माझं रक्त जनुकाच्या तपासणीला गेलं. तोच बदल निघाला. हृदयाचा स्कॅनही त्याच्याशी जुळला. मज्जेतल्या प्रथिनावर लक्ष ठेवायचं ठरलं. केमो टळली, हृदयातली सुईही टळली. मी गोळीवर आहे. बसलेला थर जात नाही, पण वाढ मंदावते, असं बाई म्हणतात. बोटांना सुई अजून नीट कळत नाही. काजं-बटणं आता शेजारची मुलगी करते.

दादा माझ्याशी आयुष्यभर भांडला, आणि मेल्यावर माझ्यासाठी साक्ष देऊन गेला. त्याचे उपकार कुठे फेडू ते मला कळत नाही. तुमच्या घरात असं कुणी गेलं असेल तर त्यांचा ब्लॉक कुठे आहे ते विचारून घ्या. लाजू नका आणि भिऊ नका. भीती वाटतेच, पण विचारा.

तनूनं तपासणी केलेली नाही. तिच्यात तो बदल असेल किंवा नसेल. ती म्हणते, आत्ताच नको, आत्या. मी जोर करत नाही. चहा पिताना मात्र वहिनी आणि मी तिच्या हातांकडे बघतो, आणि ते तिला कळतं.

उरलेलं मेण परत मिळेल असं हॉस्पिटलनं कळवलं होतं. पुढे तनूसाठी ते लागण्याची शक्यता कमी आहे, पण ठेवलं तर बरं, असं बाई म्हणाल्या. वहिनीनं ते आणायला कुणाला पाठवलं नाही.

भाद्रपदात, पितृपक्षात, दादाचा म्हाळ होता. वहिनीनं खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पान ठेवलं आणि बाजूला झाली. कावळा लगेच आला, अगदी समोर बसून वडा खायला लागला. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं, म्हणून मी तिच्याकडे वळले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"खावा," ती कावळ्याला हळूच म्हणाली. "पण जाव नका. तनू चेडवाचा अजून कळूचा आसा."