गुरुजींपर्यंत न पोहोचलेले निरोप

नोकरीत मी बरेच आरोपी पकडले. त्यांतले बहुतेक आज चेहऱ्यानेही आठवत नाहीत. ज्या प्रकरणात मी कोणालाच अटक केली नाही, ते मात्र मनातून जात नाही. नावे कोणाचीच सांगणार नाही. गाव भंडारा जिल्ह्यातले, दिघोरीच्या रस्त्याने जाऊन आत वळले की लागणारे, एवढे पुरे.

मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याच्या ईमेलवर रोज ढीग पडायचा. वरिष्ठ कार्यालयाची पत्रे, बेपत्ता व्यक्तींचे फोटो, समन्स, आणि त्यांच्या मध्ये मध्ये कर्जाच्या, प्लॉटच्या, बक्षिसांच्या जाहिराती. संगणकावर बसणारी महिला शिपाई सकाळी आल्या आल्या तो ढीग निवडायची आणि कामाच्या कागदांची प्रिंट माझ्या टेबलावर ठेवायची. एका सकाळी तिने एक प्रिंट वेगळी आणून दिली.

"सर, हे आधी वाचा. बाई परदेशातून लिहून राहिली."

मेल लिहिणारी बाई याच भागातली, आखाती देशातल्या एका दवाखान्यात परिचारिका होती. वडील हायस्कूलमधून निवृत्त झालेले शिक्षक, आई वारलेली, घरी वडील आणि धाकटा भाऊ. वर्षभरापासून वडिलांचे एकही उत्तर नाही. फोन लागत नाही. भावाला विचारले तर तो म्हणतो, बाबा तुझे नाव काढू देत नाहीत. शेवटी रागाच्या भरात तिने वडिलांना फार वाईट शब्दांत मेल लिहिला. त्यालाही उत्तर आले नाही, तेव्हा ती घाबरली. तिने लिहिले होते, "माझे वडील अपमान ऐकून गप्प बसणारे नाहीत. ते गप्प आहेत म्हणजे ते हयात नाहीत, किंवा त्यांना कोणीतरी कोंडून ठेवले आहे. कृपया जाऊन बघा."

अशी माहिती मी फेकून देत नसे. माणसे आपल्या घरच्यांविषयी खोटे सांगतात, पण घरच्यांच्या स्वभावाविषयी सहसा खरे सांगतात. आवक नोंद केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि महिला शिपायाला सोबत घेऊन निघालो.

धानाची कापणी चालू होती. गावात घरी असणारी माणसे कमीच. पोलीस पाटलाने घर दाखवले. मला काय पाहायला मिळेल याची मी मनाशी तयारी केली होती, आणि ती साफ चुकली. गुरुजी ओसरीत खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. सदरा स्वच्छ, दाढी केलेली.

म्हाताऱ्या माणसाचा घरात छळ होतो की नाही हे बघायचे असेल तर मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातापायांच्या नखांकडे बघतो. गुरुजींची नखे नीट कापलेली होती. गोळ्यांची डबी हाताशी, पाण्याचा तांब्या झाकलेला. हे घर कोणीतरी मनापासून सांभाळत होते.

"काय चूक झाली साहेब?" गुरुजींनी विचारले.

"चूक काही नाही. तुमच्या मुलीने चौकशी करायला सांगितली."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तिले माझी आठवण झाली म्हणायची."

"तुम्ही बोलत नाही तिच्याशी?"

"मी? तिनंच नंबर बदलला. पोरानं सांगितलं मले. आईच्या तेरवीले ती आली नव्हती, मी एकदा फोनवर बोललो त्याबद्दल. दोन शब्द कडक बोललो असन. त्याच्यानंतर तिचा एक निरोप नाही. त्याआधी रोज सकाळी यायचा."

"मग तुम्ही का नाही चौकशी केली?"

"मी बाप आहे. पहिला फोन तिचा याले पाहिजे."

दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नव्हते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला. तिने लगेच उचलला. वडील समोर बसले आहेत आणि चांगले आहेत, हे तिला सांगितले. मग मी विचारले, "हा नंबर तुम्ही कधी घेतला?"

"इथं आली तेव्हापासून हाच आहे साहेब. कधीच बदलला नाही."

"तुमच्याजवळ दुसरा फोन असेल तर त्याच्यावर बोला, आणि या नंबरवरून आत्ता वडिलांना फोन लावा."

गुरुजींनी आपला फोन हातात धरला. आम्ही तिघे त्या फोनकडे बघत बसलो. तो वाजला नाही. नवऱ्याच्या फोनवरून ती माझ्याशी बोलत होती. "लावून राहिली साहेब. कट होते. पुन्हा लावते." ती लावत राहिली. गुरुजींनी फोन उलटसुलट करून पाहिला, कानाला लावला, मग महिला शिपायाच्या हातात दिला. "बाई, बिघडला काय हा?"

तिने सेटिंग उघडले. बंद केलेल्या नंबरांची यादी लांबलचक होती, सगळे कर्जवाले, लॉटरीवाले, प्लॉटवाले. त्यांच्या मधोमध परदेशी कोडचा एक नंबर होता. मग तिने ईमेल उघडला. तिथे मुलीच्या पत्त्यावरून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात टाकण्याचा नियम लावलेला होता. इनबॉक्समध्ये दिसायच्या आधीच तो नाहीसा होणार. तिने मला बाजूला नेऊन सांगितले. मी गुरुजींना विचारले, तुमचा फोन कोण हाताळतो.

"पोरगा. ते फालतू मेसेज फार येत होते. मीच म्हटलं त्याले, याचा काहीतरी बंदोबस्त कर. पासवर्डही मीच देल्ला." एवढे बोलून ते थांबले. पुढचे त्यांना मला सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला ठाण्यात बोलावले. तिशी ओलांडलेला, अंगाने काटक, हाताला कापणीचे ओरखडे. आधी त्याला चहा दिला. घाबरलेल्या माणसाला लगेच विचारायला लागलो तर तो गप्प बसतो, आणि चहा देऊन शेताचे विचारले तर बोलता होतो, हा माझा अनुभव. धानाचे बोलून झाल्यावर मी मूळ विषय काढला.

"चुकून झालं असन साहेब. एवढे नंबर बंद केले, त्याच्यात तिचाही गेला असन."

"नंबर चुकून जाऊ शकतो. ईमेलच्या नियमात पत्ता हाताने लिहावा लागतो. तो चुकून कसा लिहिला?"

तो ओरखड्यांकडे पाहत राहिला.

"आणि तिने नंबर बदलला हे वडिलांना कोणी सांगितले? वडील तुझे नाव काढू देत नाहीत हे तिला कोणी सांगितले?"

"मीच."

"हे सगळे करायला कुठे शिकलास?"

त्याने मान वर केली. "तुमच्याच कार्यक्रमात साहेब. ग्रामपंचायतीत पडदा लावून दाखवलं होतं ना तुम्ही, नको ते मेसेज कसे थांबवाचे. बाबांनी मलेच धाडलं होतं, शिकून ये म्हणून."

महिला शिपाई शेजारीच बसली होती. पडद्यावर ते तिनेच दाखवले होते. तिने लिहिणे थांबवले.

"काहून केलं असं?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

मग तो बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. "आई गेली तवापासून त्यायचं सगळं मीच करतो. गोळ्या, दवाखाना, आंघोळीचं पाणी. तिच्या लग्नापायी माझ्या दोन सोयरिकी मोडल्या. तुमच्या घरची पोरगी जातीबाहेर गेली म्हणत लोक. तरी मी काही बोललो नाही. पण तिचा मेसेज आला का बाबा दिवसभर गावाले दाखवत फिरत. तिनं काय खाल्लं, तिच्या दवाखान्याची इमारत कशी आहे. मी दिवसभर धानाच्या बांधीत राबून येतो, मले कोणी विचारत नाही तू जेवला काय. एक दिवस मी ताट घेऊन समोर उभा होतो. ते तिचा मेसेज वाचून राहिले होते. मले म्हणाले, बाजूले सर, उजेड अडवतोस. त्याच दिवशी बंद केलं."

"बहिणीचे हाल दिसले नाहीत तुला?"

"दिसले. वाटलं, चार-आठ दिवसांनी खोलून देऊ. मग खोलायले भेव लागलं. खोललं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं."

मी आयुष्यात बऱ्याच कबुल्या ऐकल्या. इतकी क्षुल्लक आणि इतकी खरी वाटणारी दुसरी नाही.

गुन्हा नोंदवायचा तर फोन गुरुजींचा, ईमेल गुरुजींचा, म्हणून तक्रार त्यांनी द्यायला हवी होती. त्यांना बोलावून घेतले. मुलीने मला फोनवर सगळी हकीकत सांगितली होती, ती त्यांना सांगणे भाग होते. तिला मुलगा झाला होता. त्याच्या जन्माची बातमी तिने आधी वडिलांना पाठवली होती. तो थोडा मोठा झाल्यावर ती रजा घेऊन नागपूरपर्यंत आली होती. हॉटेलमधून रोज निरोप पाठवत होती, तुम्ही फक्त ये म्हणा, मी गाडी करून येते. भावाला विचारले तर तो म्हणाला, येऊ नको, बाबा दारातूनच परत पाठवतील. रजा संपली आणि ती परत गेली.

"नागपूरपर्यंत आली होती?" गुरुजी म्हणाले. मी हो म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले, "लेकराले घेऊन?"

मग त्यांनी ते निरोप वाचायला मागितले. सर्वांत वाईट गोष्ट तेव्हा कळली. नंबर बंद असताना आलेले मेसेज नंबर सुरू केला तरी येत नाहीत. कचऱ्यात गेलेले मेल महिनाभराने आपोआप पुसले जातात. जन्माची बातमी, फोटो, नागपूरचे निरोप, सगळे गेले होते. उरला होता फक्त तो शेवटचा मेल. महिला शिपाई म्हणाली, गुरुजी, हा नका वाचू. त्यांनी ऐकले नाही. उभ्यानेच पूर्ण वाचला. बाप म्हणून तुम्ही माझ्यासाठी मेलात, असे त्यात शेवटी लिहिले होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्ची शोधली.

त्यांच्याच फोनवरून मुलीला व्हिडिओ कॉल लावून दिला. तिने बाळ दाखवले. खोलीतून निघून जावे असे मला वाटले, पण जबाब व्हायचा होता. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाबा, साहेब म्हणतात तक्रार तुम्हाला द्यावी लागते. द्या."

गुरुजी माझ्याकडे वळले. "माझी तक्रार नाही साहेब. पासवर्ड मीच देल्ला होता."

"बाबा, त्यानं माझं काय केलं हे ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. पण तू तिथं आहेस. इथं मले पाणी कोण देईन?"

पलीकडे तिने बाळाला पडद्यासमोरून बाजूला घेतले. गुरुजी घाईघाईने म्हणाले, "तुझ्यापाशी असतील ना ते निरोप, तू पाठवलेले? पुन्हा पाठव मले. सगळे वाचतो."

"हाव, आहेत." तिचा आवाज अगदी शांत होता. "पण पाठवत नाही. ते त्या त्या दिवशी वाचायचे होते, बाबा."

तक्रारच नाही म्हटल्यावर माझ्या हातात काही उरले नाही. दोघांचे जबाब नोंदवले, मुलाला समज दिली, अर्ज निकाली काढला आणि वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवला. अहवालात लिहिले, "वडील सुखरूप असल्याची खात्री केली." ते खोटे नव्हते. मुलगा बाहेर ओट्यावर बसला होता. वडिलांनी त्याचा खांदा धरला आणि दोघे मोटारसायकलवर बसून घरी गेले.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या बाजूला बंदोबस्ताला गेलो असताना मी गुरुजींकडे थांबलो. मुलाने चहा आणला. गुरुजींनी सांगितले, लेक दर आठवड्याला फोन करते. गोळ्यांचे विचारते, रक्तदाबाचे विचारते, बाळ दाखवते आणि ठेवून देते. कपाचा कान धरून उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. "तो तं माझ्याशी बोलतच नाही आता," ते मला म्हणाले, आणि तो तिथेच उभा होता.

या प्रकरणाने मला काय शिकवले? कायद्याच्या पुस्तकातले बरेच गुन्हे माणूस स्वार्थासाठी करतो. पण घर मोडायला तेवढाही स्वार्थ लागत नाही, आणि असे मोडलेले घर कोणत्याही कलमात बसत नाही. त्या मुलाला दुष्ट ठरवता आले असते तर मला बरे वाटले असते. गुरुजींना बिचारे म्हणता आले असते तरीही. सावरायला त्या बापलेकांना वर्षभराचा वेळ होता. एकाने भीतीपायी दार उघडले नाही, दुसऱ्याने मानापायी वाजवले नाही.

त्यानंतरही मी गावोगाव सायबर जनजागृतीचे कार्यक्रम घेतले. नको ते मेल आणि मेसेज कसे थांबवायचे, हे महिला शिपाई पूर्वीसारखेच पडद्यावर दाखवायची. शेवटी मी एक वाक्य जोडू लागलो, की दुसऱ्याच्या फोनमधला नंबर बंद करण्याआधी तो कोणाचा आहे हे त्यालाच विचारा. लोक हसायचे. त्यांना तो साहेबांचा विनोद वाटायचा.