साडभाऊंची काळी खिडकी

आमच्या साडभाऊंनी गेल्या कित्येक वर्षांत एकही नकाशा डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि तरी अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नकाशा त्यांच्याइतका कळणारा दुसरा माणूस नाही, हे मी कुठल्याही देवळात, विहारात किंवा तहसिलीत हात वर करून सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मालेगावात वाशीम रस्त्याला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. उभी नोकरी अनुरेखक म्हणून गेली. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवून काढायची. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्यांनी कपाळाला हात लावला. साडभाऊंनी मात्र त्या यंत्रात एक काळी खिडकी शोधून काढली आणि तिच्यासमोर जे बसले ते निवृत्त झाले तरी उठले नाहीत. या खिडकीत चित्र म्हणून नसतं. एक हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, की नकाशाची फाईल मुकाट्यानं ओळीनं उत्तरं देते: आत नग किती, ते ठिपके आहेत का रेघा का शेतासारखे बंद तुकडे, हद्द कुठून कुठवर, मोजणी कोणत्या पायावर केली, आणि एकेका नगासमोर कोणत्या रकान्यात काय लिहिलंय. त्या हुकमाचं नाव ओजीआर-इन्फो. आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, बरीच वर्षं ते रक्तदाबाच्या गोळीचं नाव समजत होत्या.

"अहो, रंगीत नकाशा पाहाले काय होते तुमाले?" मी एकदा विचारलं होतं. "चित्र गोड बोलते, गुरुजी," ते म्हणाले. "आकडा तोंडावर सांगते." कॉम्प्युटरचा माऊस त्यांनी एका जुन्या मोज्यात घालून टेबलाच्या खणात ठेवून दिलेला आहे. भाच्यानं एकदा मोठ्या कौतुकानं जिल्ह्याचा रंगीबेरंगी नकाशा टीव्हीवर लावून दाखवला, तर हे खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "कोनी तरी वाचून दाखवा." भाचा त्यानंतर वर्षभर त्यांच्या घरी आला नाही.

फाईलीची सवय माणसांना लावायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्या हुकमाला आधी नुसता गोषवारा मागता येतो, सगळा माल उलगडायची गरज नसते, तेव्हा साडभाऊंना जगात सगळ्यांकडून आधी गोषवाराच पाहिजे. पुतणीच्या सोयरिकीत मुलाचे मामा तोंड भरून मुलाचं कौतुक करू लागले, तर यांनी हात वर केला. "थांबा बाप्पा. आधी गोषवारा. भाऊ किती, बहिनी किती, शेत कुठून कुठवर, अन् हे माहिती कोनत्या सालची?" मामांचा चहा कपातच राहिला. सोयरीक जमली ती मुलाच्या आईमुळे. तिनं बसल्या बसल्या चारही उत्तरं बोटांवर मोजून दिली. आणि मालेगावच्या स्टँडवर एका यात्रेकरूनं "शिरपूर किती लांब हाये हो?" म्हणून विचारलं, तर त्याला यांनी उलट विचारलं, "कुठून? स्टँडपासून का तुमी उभे हा तिथून? अन् शिरपुरात कुठवर? देवळावर का फाट्यावर?" तो बिचारा एकेक उत्तर देईपर्यंत शिरपूरची बस निघून गेली. मग साडभाऊच खजील झाले. पुढची बस येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले, त्याला चहा पाजला, आणि खिडकीजवळची जागा धरून दिली.

पण त्यांची सगळ्यात अवघड खोड निराळी. ते कुठलीही फाईल 'फक्त वाचण्यासाठी' उघडतात. दरवेळी हुकमातच यंत्राला बजावतात की बाबा रे, आतल्या काडीलाही हात लावू नकोस. एवढ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या फाईलीतला एक स्वल्पविराम हलवलेला नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरात गॅससमोर उभे असताना दूध वर आलं. यांनी शांतपणे हाक दिली, "दूध उतू जाऊन राह्यलं." माझी बायको अंगणातून धावत येईपर्यंत अर्धं दूध ओट्यावर. "अहो भाऊजी, बटन तं फिरवाचं!" ती ओरडली. "दुसऱ्याच्या घरात मी बदल करत नसतो," साडभाऊ म्हणाले. बायको दोन दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

आता माझी गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर मी मास्तर आहे. पहिली ते चौथी, पोरं बारा, मास्तर एक. घंटा देणाराही मीच आणि मुख्याध्यापकही मीच. दिवाळी झाली की तांड्यात ट्रक येतात आणि निम्मा तांडा ऊसतोडीला निघतो. शाळा उंबऱ्याशी आहे म्हणून पोरं आजीजवळ मागे राहतात. शाळा नाल्यापलीकडच्या गावात गेली की म्हाताऱ्या माणसानं रोज कसं पोचवायचं? पोरगं मग आईच्या कडेला ट्रकमध्ये. आणि एकदा फडावर गेलेलं पोर पुन्हा वर्गात येऊन बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी वरून यादी आली. ज्या लहान शाळांपासून किलोमीटरच्या आत दुसरी शाळा आहे त्या बंद करून तिकडे मिळवायच्या, आणि त्यात आमचं नाव. मी चाटच पडलो. शेजारची शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात, चांगली दीड किलोमीटर! हरकतीला मुदत मंगळवारपर्यंत. यादीला पुरावा म्हणून नकाशाची फाईल जोडली होती. आमच्या मास्तरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती आली तेव्हा तिच्याखाली झाडून सगळ्या मास्तरांनी 'ओके सर' लिहिलं होतं. मीही लिहिलं होतं. उघडली मात्र एकाच्याही फोनवर नव्हती.

रविवारी मी ती फाईल घेऊन मालेगाव गाठलं. आक्कानं पाटोडीचा रस्सा टाकला होता, पण माझं लक्ष कुठलं त्यात! "साडभाऊ, माही शाळा जाऊन राह्यली हो," मी दारातूनच म्हणालो. "बसा. गोषवारा," ते म्हणाले. मी तीन वाक्यांत सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, काळी खिडकी उघडली आणि दोन बोटांनी हुकूम दिला. ठिपक्यांची फाईल, दर शाळेला एक ठिपका. मग त्यांनी आमच्या शाळेचं नाव घालून तेवढीच ओळ मागवली, मग शेजारच्या शाळेची. दोन्हींचे लांबलचक आकडे एकाखाली एक आले, आणि दशांश चिन्हापुढची पहिली तीन घरं दोन्हींची एकसारखी. साडभाऊंनी बोटांवर हिशेब केला. "तीस-पस्तीस मीटर. तुमची शाळा तं त्याइच्या वट्यावर बसून चहा पिऊन राह्यली, गुरुजी! कोन्या गाढवानं भरलं हे?" "त्याच गाढवाले शोधा," मी म्हणालो. "रकाने हायेत पुढं," ते म्हणाले आणि वाचू लागले. ठिकाण घेतल्याची वेळ, अकरा चाळीस. ठिकाण घेणाऱ्याचं नाव... आणि तिथं ते थांबले. आक्का ताटं मांडत होती. साडभाऊंनी नाव मोठ्यानं वाचलं नाही. पडदा तेवढा माझ्याकडे वळवला.

माझंच नाव होतं. पूर्ण, बापाच्या नावासकट.

मग सगळं आठवलं. तांड्यावर मोबाईलला रेंज नाही. आदल्या वर्षी शाळेची माहिती फोनवरून भरायची होती, म्हणून मी नाला ओलांडून शेजारच्या शाळेत गेलो, तिथल्या मास्तरांनी पोहे मागवले, चहा मागवला, आणि त्यांच्या वट्यावर आरामात बसून मी 'सध्याचे ठिकाण' दाबून मोकळा झालो. माझी शाळा मीच उचलून नाल्यापलीकडे नेऊन ठेवली होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "साडभाऊ," मी म्हणालो, "ते आकडे बदलून टाका न. एका हुकमाचं तं काम हाये. बरोबर केलेली फाईल मी ग्रुपवर टाकतो, कोनाले पत्ता बी लागत नाई." "नाई," ते म्हणाले. "मी वाचनारा मानूस." आक्कानंही भर घातली, "अहो, घरचे मानसं हायेत! बारा लेकराइचा प्रश्न हाये!" "म्हनूनच," ते म्हणाले. "चूक गुरुजींची हाये. सुदरली पाहिजे तं त्याइच्याच सहीनं." माझा तोल गेला. "तुमाले काय होते?" मी ओरडलो. "तिकडं दूध उतू जाते अन् तुमी हात मागं बांधून पाहात उभे राहता!" आणि ताटावरून उठून, न जेवता, सरळ मानोऱ्याची गाडी धरली. साडभाऊंच्या घरून उपाशी निघालेला मी पहिलाच माणूस असेन.

सोमवारी सकाळी परिपाठ चालू होता. सहज नाल्याकडे नजर गेली तर पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट हातात, आणि साडभाऊ पाण्यातून वाट काढत येत होते! ज्या माणसानं जन्मभर ठिपके वाचले तो पहिल्यांदा एखाद्या ठिपक्यावर पायांनी चालत आला होता, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. "फोन काढा," म्हणाले. "रेंज नाई इथं," मी म्हणालो. "उपग्रहाले रेंज नाई लागत, गुरुजी. ते फार्म धाडाले लागते. ठिकान इथं घ्या, धाडा तिथून. एवढंच होतं." मी शाळेच्या दारात उभा राहिलो आणि आकडे कागदावर उतरवले. साडभाऊ हात मागं बांधून शेजारी. फोनला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. नातीला सोडायला आलेल्या एका म्हातारीनं त्यांना साहेब समजून तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सायेब, शाळा राह्यली तं हे पोरगी माह्यापाशी राह्यते. नाई तं जाते ट्रकवर." साडभाऊ सगळं पाणी प्यायले. गोषवारा मागितला नाही.

मग अर्ज. मी पानभर लिहिला: दुर्गम भाग, रेंजचा अभाव, तांत्रिक अडचण, आपण दयाळू आहात. "हे खोडा," साडभाऊ म्हणाले. मी खोडलं. "हे बी." तेही खोडलं. शेवटी तीन ओळी उरल्या: ठिकाण मी शेजारच्या शाळेत बसून भरले. चूक माझी आहे. शाळेचे खरे ठिकाण खालीलप्रमाणे. मी सही केली तेव्हा ते माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मंगळवारी शिक्षण खात्याच्या कचेरीतही बरोबर आले. तिथल्या मॅडमनी पडद्यावर रंगीत नकाशा उघडला तेव्हा ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अशी चूक कबूल करणारा अर्ज माझ्याकडे पहिलाच आला." शाळेचं नाव यादीतून निघालं. मला नोटीस आली, समज मिळाली, ते दोन्ही कागद मी जपून ठेवले आहेत. त्या दिवशी साडभाऊंनी चोरून आकडा बदलला असता तर पुढच्या तपासणीत शाळाही गेली असती आणि मीही. पण हे शहाणपण मला मागाहून सुचलं. तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेलोच होतो.

आता त्यांना मुलीनं पुण्याला नेलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षरं पूर्वीसारखी दिसत नाहीत. मालेगावचं घर बंद असतं. वरून नवी फाईल आली की आता हुकूम मीच टाइप करतो, त्यांच्यासारखाच दोन बोटांनी, आणि ग्रुपवर 'ओके सर' लिहिण्याआधी सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या शाळेची ओळ वाचून सांगतो.

यंदा दिवाळीनंतर ट्रक आले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली, नाल्यापलीकडे येऊन त्यांना फोन लावला आणि म्हणालो, "साडभाऊ, काल ट्रक गेले." ते जेवत असावेत. घास गिळून त्यांनी विचारलं, "अन् पोरं?"

"राह्यले."

"किती राह्यले?"

"बाराच्या बारा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आक्का बोलली, "काय सांगतलं हो तुमी त्याइले? भरल्या ताटावरून उठून बाल्कनीत जाऊन उभे राह्यले." मला त्यांचे आभार मानायचे होते. दोन वर्षांपासून मानायचे होते. पण त्या दिवशीही ते राहून गेलं, म्हणून हे लिहिलं आहे. आक्का त्यांना वाचून दाखवेल.