फवारणीच्या विमानाची काच

"खालून दाखव."

जिना चढून आले की काका आधी एवढंच म्हणायचे. रामराम नंतर. मी कॉम्प्युटरवरचं विमान हवेतच थांबवायचो आणि त्याच्या पोटाखालचा भाग पडद्यावर आणायचो. काका खुर्चीत बसून मान मागे टाकायचे, तोंड अर्धवट उघडं ठेवायचे आणि आभाळाकडे बघावं तसं बघायचे. पडदा तर समोर होता. पण विमान बघायचं म्हणजे मान वर करूनच, ही त्यांच्या मानेची जुनी सवय होती.

कारंज्यात हायवेला लागून आमचं किराणा दुकान. वरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडून मी क्लास काढला होता. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. क्लासपेक्षा माझा जीव विमान चालवण्याच्या खेळात. त्याला कोणी खेळ म्हटलं की मला राग यायचा, कारण त्यातली विमानं खऱ्यासारखी चालायची. शिवाय जगभरचे हौशी लोक घरी बसून नवी विमानं तयार करायचे आणि फुकट वाटायचे. ती इंटरनेटवरून उतरवून आपल्या खेळात जोडायची. फोनच्या लायनीवरून एक विमान उतरायला अख्खी दुपार जायची. मध्येच आईनं फोन उचलला की विमान गेलं.

असंच एक पिवळं विमान मी उतरवलं. शेतावर औषध फवारणारं. परदेशातल्या एका म्हाताऱ्या माणसानं ते बनवलं होतं. तरुणपणी तो स्वतः असंच विमान चालवायचा. त्याच्या इंजिनाचा आवाज मी मोठा करून ठेवला होता. बाजाराचा दिवस होता. खाली दुकानात चहापत्ती घ्यायला आलेले एक गृहस्थ तो आवाज ऐकून सरळ जिना चढून वर आले.

"हे त फवाऱ्याचं विमान हाय! कुठी भेटलं तुले?"

तेच काका. तळेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातले, साठीच्या पुढचे. आमच्या भागात पूर्वी कपाशीवर विमानातून औषध मारायचे. वयस्क वाचकांपैकी काहींनी ते पाहिलंही असेल. काका त्या कामावर झेंडेवाले होते. वावराच्या टोकाला झेंडा घेऊन उभं राहायचं. विमान झेंड्याच्या रोखानं येई आणि डोक्यावरून जाई. मग पावलं मोजून बाजूला सरकायचं, की विमान पुढच्या पट्ट्यावर.

"अंगावर दवाई पडत असंन, काका?" मी विचारलं.

"पडे ना. चार दिवस डोये चुरचुरत. पन विमान आपल्या झेंड्यावर येते, हे का कमी हाय?"

"मंग आतून पाह्यलं असंन तुमी."

"आतून? मी वावरात, विमान उतरे कोसभर दूर. मी फक्त खालून पाह्यलं."

म्हणून ते 'खालून दाखव'. दुसऱ्याच खेपेला त्यांनी चूक काढली. "ही फवाऱ्याची नळी चाकाच्या मांगून जाते. यानं पुढून नेली." मी हसत हसत त्या परदेशी माणसाला ई-मेल केला. आठवड्यानं त्याचं उत्तर आलं: तुमचा माणूस बरोबर आहे, मी विसरलो होतो. महिन्याभरात विमानाचं अपडेट आलं. नळी चाकाच्या मागे गेली होती.

काकांनी ती बराच वेळ पाहिली. मग खाली जाऊन माझ्या बाबांना म्हणाले, "शेठ, विलायतवाल्याले माहं ऐका लागलं." त्यानंतर ते दर बाजाराला येऊ लागले. बसस्टँडवर ओळखीचा कोणी भेटला की त्याला अपडेट म्हणजे काय ते समजावून सांगत. "अपडेट म्हंजे पक्कं. चूक राह्यतच नाई."

एके दिवशी ते म्हणाले, "आता आतून दाखव. सकायचं कर. ऊन समोरून येऊ दे."

मी पायलटच्या जागेवरचं दृश्य आणलं, वेळ सकाळची केली, विमान पूर्वेकडे वळवलं. त्या माणसानं समोरच्या काचेवर औषधाचा तेलकट थर चितारला होता. सूर्य समोर आला की काच दुधासारखी पांढरी व्हायची.

काका पुढे सरकले. "काई दिसून नाई राह्यलं."

"ऊन हाय ना समोर."

"आन तिथं माणूस उभा असंन, त?"

"काका, झाड दिसून नाई राह्यलं. माणूस कुठचा दिसते?"

त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. मग म्हणाले, "पुन्हा एकडाव कर." मी पुन्हा केलं. त्या दिवशी जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. का, ते मला कळलं नाही. पुढचे काही महिने त्यांना तेवढंच बघायचं असे. सकाळ, समोर ऊन, पांढरी काच. मीही कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक समाधानानं जातंय ना, एवढंच पाहिलं.

इकडे मला मात्र त्या काचेचा वैताग आला होता. ऊन समोर असलं की मला विमान उतरवता यायचं नाही, आणि क्लासमधले चारजण हसायचे. मी त्या परदेशी माणसाला लिहिलं, की काच स्वच्छ केली तर बरं. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. आमच्या काचा कधीच स्वच्छ नसत, त्यानं लिहिलं होतं. पण तुम्हाला त्रास होतो तर नव्या अपडेटमध्ये काच पुसून देतो.

अपडेट आलं. त्या बाजाराच्या दिवशी क्लासमध्ये तिघेजण होते. मी त्यांना ऐटीत सांगत होतो, की काचेची चूक माझ्या लक्षात आली आणि मी ती दुरुस्त करवून घेतली. तेवढ्यात काका आले.

मी त्यांना नेहमीची सकाळ दाखवली. ऊन समोर होतं आणि काच लख्ख होती. बांधावरची झाडं दिसत होती. त्यांच्यापुढचे विजेचे खांबसुद्धा मोजता येत होते.

"हे काय झालं?"

"अपडेट आलं, काका."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे खरं, का ते पयलं खरं?"

माझ्यामागे ते तिघं उभे होते. मी म्हणालो, "हेच खरं. अपडेट म्हंजे चूक दुरुस्त केलेली. तुमीच त म्हणता ना?"

"व्हय," काका म्हणाले. "मीच म्हणतो."

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत. फवारणीच्या दिवसांत एका वावराच्या कडेनं विजेची तार होती. तारेजवळचा पट्टा आला की पांढरा झेंडा टाकून लाल हालवायचा, म्हणजे पायलट आधीच विमान वर घेई. एके दिवशी सकाळी, समोर ऊन असताना, विमान वर गेलं नाही. तारेत अडकलं आणि पलीकडच्या वावरात पडलं. पायलटसाहेब जागीच गेले. चौकशीला माणसं आली. कोणी म्हणालं झेंडा हलला नाही, कोणी म्हणालं उशिरा हलला.

"मी हालवला, असंच मले वाटे. पन इतकी वर्सं झाली, आपल्याले वाट्टे ते खरं कायवरून? तुया मशीनीत पाह्यलं, काई दिसत नाई. म्हटलं, चला. झेंडा हालला, त्यालेच दिसला नाई." त्यांनी बोट खांबांवर ठेवलं. "आता त समदं दिसून राह्यलं. दिसला असता त त्यानं विमान उचललंच असतं. मंग मीच चुकलो."

बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं: काका, पहिलंच खरं होतं, ही काच मी माझ्या सोयीसाठी पुसून घेतली. पण आत्ताच ज्यांच्यासमोर फुशारकी मारली ते तिघं तिथेच उभे होते. पुढच्या बाजाराला एकट्यात सांगू, असं मी मनाशी म्हटलं. काका उठले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. त्यांचं गाव बसनं अर्ध्या तासावर. मी गेलो नाही. क्लास असतो, बाबांना दुकानात मदत लागते, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

दोनेक महिन्यांनी काका आले. या वेळी 'खालून दाखव' नाही. खुर्चीत बसले, पाणी प्याले.

"नागपूरले गेलतो. पायलटसायबाच्या बायकोकडे. हात जोडून सांगून आलो, माया हातून झालं म्हणून."

मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काईच नाई. उठून आत गेल्या. मी बसलो थोडा वेळ. मंग निंगालो. बराबरच हाय तिचं. पन मले हलकं वाटून राह्यलं, पोरा. इतक्या सालाचं अडकेल होतं."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी मी बोललो नाही. त्यांना हलकं वाटतंय, ते कशाला मोडायचं, असं मी तेव्हा मनाला समजावलं. पुढे कित्येकदा हाच विचार पुन्हा करून पाहिला. खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली.

"येजो कधी गावाले," काका जाताना म्हणाले. "हुरडा भाजून खाऊ घालतो."

त्या हिवाळ्यात काका गेले. दुकानात आलेल्या त्यांच्या गावच्या माणसाकडून कळलं, तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. मी गेलो. त्यांची मुलगी भेटली. बाप शेवटी शेवटी झोपेत झेंडा झेंडा करायचा, म्हणाली. तिच्याकडून मी नागपूरच्या बाईंचा पत्ता घेतला. कशासाठी, ते तिला सांगितलं नाही.

बाई सत्तरीच्या असतील. मी दारातच सांगायला सुरुवात केली. पहिली काच, दुसरी काच, माझं पत्र, काकांचा प्रश्न, माझं उत्तर, काका गेले तेही. कॉम्प्युटरचं त्यांना किती कळलं, माहीत नाही. पण काचेचं कळलं.

"काच तशीच असायची," त्या म्हणाल्या. "हे घरी आले की सांगायचे, सकाळी उन्हाकडे जाताना आंधळ्यासारखं चालवावं लागतं म्हणून."

"मग काका आले तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते इतक्या खात्रीनं सांगत होते. मला वाटलं, तिथे उभे होते ते. त्यांनाच माहीत." त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या घरी कोण आहे?"

"मुलगी आहे."

"तिला सांगितलंत हे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग माझ्याकडे काय आलात? तिच्याकडे जा आधी. आजच जा."

मी हो म्हणालो. स्टँडवर अमरावतीची बस लागलेली होती. कंडक्टरला पैसे देऊन मी तळेगावचं तिकीट काढलं, खिडकीशी बसलो, आणि मुलीला कुठून सांगायला सुरुवात करायची, त्याचे शब्द मनात जुळवत राहिलो. कोंढाळी गेली. कारंजा आलं. बस थांबली, कंडक्टरनं आवाज दिला, दारातून माणसं उतरू लागली. तळेगाव अजून पुढे होतं, तिकीट माझ्या हातातच होतं.

मी कारंज्यालाच उतरलो.